माझ्या मापाची सायकल

४ मे

ही डायरी लेकीची, हेमांगीची. पुण्याला हॉस्टेलवर जाताना टाकून गेली. पहिल्या पानावर ‘आजपासून रोज अभ्यास’ एवढंच लिहिलंय, पुढे सगळं कोरं. म्हणजे माझ्याकडूनही डायरी फार अपेक्षा ठेवणार नाही, बरंच आहे.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, धुळ्याला माहेरी गेले होते. बहिणी झोक्यावर गाणी म्हणत बसल्या आणि मी आईला घेऊन देवपुरात अभिमनच्या शेडवर गेले. अभिमन कॉलेजात असताना माझ्यासोबत सायकल शर्यतीत असायचा. दर वेळी माझ्या मागे यायचा आणि दर वेळी चेन उतरली होती म्हणायचा. आता तो सायकलच्या फ्रेमा बनवतो, माणसाच्या मापाप्रमाणे. शिंप्यानं सदरा बेतावा तशा. एक फ्रेम उचलून बघितली तर एका हातात आली. घरची माझी सायकल जिन्यावरून उचलायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरात माझ्यासाठी एक माणूसही कधी रिकामं नसतं.

अभिमन म्हणाला, पोलादाची घे. खास पोलाद येतं, नळी मधे पातळ आणि टोकांना जाड, वजनाला हलकी. कार्बन तडकला की फेकायचा. अ‍ॅल्युमिनियम एकदा जोडलं की परत हात लावायची सोय नाही. पोलाद कापा, परत जोडा, कुरकुर करत नाही.

जानेवारीत जळगावचे सायकलवाले दोनशे किलोमीटरची राईड करतात. जळगाव, पारोळा, धुळे, पुढे लळिंगचा घाट आणि परत, एका दिवसात. लग्नाआधी मी यापेक्षा जास्त पळवलीय सायकल. लग्नानंतर सायकल म्हणजे दूध आणि कोथिंबीर. ही राईड मला करायचीय. माहेरच्या रस्त्यावरून, माझ्या मापाच्या सायकलवर. आईच्या दारावरून घंटी वाजवत जायचं, थांबायचंसुद्धा नाही.

७ मे

स्वप्नीलला सांगितलं. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. नाही म्हणाला नाही! उलट खुर्ची ओढून बसला. म्हणाला, “घ्यायची तर नीट घेऊ. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे. फ्रेम कशाची हा मुख्य प्रश्न आहे.”

नवऱ्याचं ठिबक सिंचनाचं दुकान. नळी म्हटली की माणूस फुलतो. केळीच्या बागांना नळ्या पुरवल्या म्हणून जगातल्या सगळ्या नळ्या याला कळतात. मी म्हटलं, पोलाद. तो म्हणाला, “तू एकदम निकालावर येऊ नकोस, सारिका. आधी अ‍ॅल्युमिनियम बघू.”

बघू म्हणाला! ऑफिसात दिवसभर हसत होते. आमची केळीच्या रोपांची प्रयोगशाळा, तिथं हसायची पद्धत नाही, सगळ्यांना वाटलं पगार वाढला.

सासूबाईंची प्रतिक्रिया ठरलेली. “कशाले पाह्यजे वं तुले सायकल या वयात?” यावलकडची बाई, तोंडाला लगाम नाही.

२ जून

अ‍ॅल्युमिनियम बाद. स्वप्नीलनं महिनाभर व्हिडिओ बघितले, एका दुकानात जाऊन फ्रेमवर अंगठी वाजवून बघितली, दुकानदाराला घाम फोडला. निष्कर्ष: हलकं आहे पण रस्त्याचा प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचवतं. “तुझी पाठ आधीच धरते,” म्हणाला. माझी पाठ धरते हे त्याच्या लक्षात आहे याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी भांडलेच नाही.

१३ जुलै

आता कार्बन. काय ते वजन, बोटावर तोलावं. मी हरखले. पण स्वप्नीलचा मुद्दा असा की आपल्याकडचा उन्हाळा. गाडीत ठेवली, काचा बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री, तर आतली चिकटवण सैल नाही होणार? मी म्हटलं, राईड जानेवारीत आहे. तो म्हणाला, “सायकल फक्त जानेवारीत राहणार आहे का घरात?”

बरोबरच आहे. माझ्या डोक्यात हे का येत नाही? मी फक्त पळायचं बघते, तो चारी बाजूंनी बघतो. बाकीच्यांचे नवरे सायकल म्हटल्यावर फिदीफिदी हसले असते.

सासूबाई आज पोळ्या लाटताना कुठून कुठे गेल्या. “माह्या बापानं लग्नात शिलाई मशीन देली होती. माह्या नावाची. शिकला तिच्यावर माह्या दीर.” विषय काय, बाई बोलते काय. वय झालं की असंच होत असावं.

४ ऑगस्ट

काल घरी कानबाई देवी बसली होती, आज विसर्जन. दोन दिवस उभी आहे मी, पाय सुजलेत. आणि संध्याकाळी स्वप्नील म्हणतो, बांबू!

सातपुड्यातला बांबू, वर केळीच्या धाग्याचे वेढे, वर राळ. त्यानं कुणाचा तरी व्हिडिओ बघितला. जळगावची केळी, यावलचा बांबू, आपल्या मातीची सायकल, पेपरात फोटो येईल. मी म्हटलं, कुणाचा फोटो? तो म्हणाला, “आपला.”

सासूबाई देवघरातून ओरडल्या, “बांबू घरात आणशीन तं सांगून ठेवते, मी यावलले निघून जाईन! चार माणसं खांद्यावर नेतात ते सामान हाये ते. तिले बसवतं त्याच्यावर?” स्वप्नीलनं व्हिडिओ बंद केला. पहिल्यांदाच या बाईचा मला उपयोग झाला. अर्थात हेतू तो नव्हताच, त्यांना फक्त माझ्या सायकलला अपशकुन करायचा होता.

७ सप्टेंबर

अखेर निर्णय. स्वप्नीलनं जेवताना जाहीर केला: पोलाद. कारणं इतकी छान सांगितली की मलाही नवी वाटली. मी मे महिन्यात हेच म्हटलं होतं, असं म्हणणार होते. पण जाऊ दे. त्यानं चार महिने डोकं घातलं म्हणून तर ठाम झालो. कुणी म्हणेल, चार महिने वाया. मी म्हणते, चार महिने नवरा माझ्याशी रोज माझ्याच विषयावर बोलत होता. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलंय.

१० सप्टेंबर

माप घेतलं. अभिमननं फोनवर पद्धत सांगितली. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, मांड्यांमधे पुस्तक धरून वर दाबायचं, पुस्तकाची कड भिंतीला टेकते तिथं खूण, खुणेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. अभिमनसमोर हे आखाजीलाच झालं असतं, पण शेडमधे गिऱ्हाईकं होती, आई माझा पदर ओढत होती, आणि तोही माझ्याकडे न बघता म्हणाला होता, घरून धाडा.

तर बेडरूमच्या दाराशेजारी मी उभी, मांड्यांमधे हेमांगीचं रसायनशास्त्राचं पुस्तक, आणि स्वप्नील गुडघ्यावर बसून पेन्सिलनं रेघ ओढतोय. दोघंही हसत होतो. त्याची टाळू एवढ्या जवळून मी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. केस विरळ झालेत बिचाऱ्याचे. माप तो स्वतः अभिमनला कळवणार आहे. “तू नको फोन करू, मी पुरुषाशी पुरुष बोलतो, ते बरं दिसतं,” म्हणाला.

दार उघडलं तर समोर सासूबाई. रेघेकडे बघून म्हणतात, “ही खूण कोनाची?” मी म्हटलं, माझी. तर म्हणे, “तूनंच सांग मग माप. त्याच्यावर सोडू नको.” मुलावरही विश्वास नाही या बाईचा. शरम वाटली मला तिच्या वतीनं.

१८ ऑक्टोबर

दिवाळीचा रंग झाला. घर चकाचक, फक्त बेडरूमच्या दाराशेजारची वीतभर जागा रंगाऱ्यानं सोडलीय. विचारलं तर म्हणाला, आजींनी हात लावू दिला नाही. रंग वाचवला असणार. आता पाहुण्यांना काय सांगायचं?

२२ नोव्हेंबर

आली!

मोरपंखी रंग मीच सांगितला होता. सांधे इतके गुळगुळीत की बोट फिरवलं तर कळतसुद्धा नाही. ऑफिसातून पळत आले, साडी सोडून सलवार चढवली, पाय टाकला. आणि उभी राहिले तशीच. आडवी नळी मला टोचत होती. टाचा वर. सीट तळाला नेली तरी पायडल खाली गेलं की कंबर एका बाजूला कलते. हँडलला हात पुरवायचा तर नमस्कार घालावा लागतो.

भिंतीशी नेऊन लावली. आडवी नळी माझ्या रेघेच्या कितीतरी वर.

अभिमन! हा अभिमन तेव्हाही चेन उतरली म्हणायचा. आता काय उतरलं म्हणणार? मी फोन उचलला तर स्वप्नीलनं हातातून घेतला. “तू चिडून बोलशील, तुझा माहेरचा माणूस आहे, संबंध बिघडतील. मी बघतो.” मग म्हणाला, “इतकी सुंदर बनलीय, परत पाठवून काय, तो रडत बसेल. तोवर मी जरा चालवून बघतो. काही दोष असेल तर तेव्हाच कळेल.”

रडायला मला येत होतं, अभिमनला नव्हे.

३० नोव्हेंबर

दोष काही सापडला नाही. स्वप्नील मेहरूण तलावाला तीन फेऱ्या मारून आला. मी चहा दिला.

१४ डिसेंबर

रोज सकाळी जातो. पोट कमी झालंय, चेहरा उजळलाय. डॉक्टर खूश, दुकानातली माणसं खूश. मी नाखूश झाले तर मी कोण? चिडायला तोंडच उरलं नाही. तब्येत कमावणाऱ्या नवऱ्यावर चिडणारी बाई कुणाला आवडेल?

मी घरच्या जुन्या धुडावर सरावाला निघाले. शिरसोलीच्या अलीकडेच गुडघा बोलला. परतताना तो समोरून आला, मोरपंखी, वाऱ्यासारखा. हात हलवून गेला पुढे.

अभिमन माझ्या मापाची नवीन फ्रेम बनवतोय का, स्वप्नीलला विचारलं. म्हणाला, बोललोय, तसल्या नळ्या यायला वेळ लागेल. अभिमनला मी माफ करणार नाही.

४ जानेवारी

स्वप्नीलनं राईडच्या यादीतलं नाव बदलून घेतलं. माझं नाव मे महिन्यापासून पक्कं होतं, ते त्याचं केलं. “जागा वाया जाऊ नये म्हणून,” म्हणाला. “तू या वर्षी पारोळ्याला सपोर्टला थांब, वातावरण बघ, पुढच्या वर्षी सोपं जाईल.”

मी ‘बरं’ म्हटलं. एवढंच म्हटलं. ‘बरं’ का म्हटलं मी?

११ जानेवारी

पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यासमोर टेबल टाकून उभी होते. केळी सोलून द्यायची, ताकाचे ग्लास भरायचे, कार्डावर शिक्का मारायचा. माणसं येत होती, खात होती, जात होती. स्वप्नील आला, घामानं चमकत. मी त्याला केळं सोलून दिलं. तो दोन घासात संपवून म्हणाला, “काय सायकल आहे गं! लोण्यासारखी जाते.” आणि साल माझ्या हातात दिली.

त्याच्या मागचा एक डॉक्टर म्हणाला, “वहिनी, स्वप्नीलभाऊंनी काय अभ्यास करून फ्रेम निवडलीय! मटेरियलचा चॉइस मानला.” मी म्हटलं, हो ना.

तो धुळ्याला पोचला, आईच्या दारावरून गेला. आईनं फोन केला, “जावईबापू घंटी वाजवीसन गयात, थांबनात बी नही.” तिला फार कौतुक. मी फोन ठेवून टेबलावरच्या सगळ्या साली गोळा केल्या आणि ढाब्याच्या म्हशीला घातल्या. म्हशीनं तरी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी मेडल. हॉलमधे लावलंय. खालून जाताना डोक्याला लागतं.

२७ जानेवारी

माहेरी हळदीकुंकू होतं. तेवढ्यात अभिमनच्या शेडवर गेले. घरून ठरवूनच गेले होते काय काय बोलायचं ते.

मला बघून तो उठला. “ये सारिका, बस! भाऊ खूश शेत ना सायकलवर?”

मी म्हटलं, “लाज वाटत नाही? माझं माप काय आणि बनवलंस काय?”

त्यानं हातातली नळी खाली ठेवली. “तुनं माप? सायकल ते भाऊनी शे ना?” मग हळूहळू सांगायला लागला. त्यानं माप मागितलं तेव्हा स्वप्नील आधी पावसापाण्याचंच बोलत बसला म्हणे. “मी सांगं, सारिकानं माप धाडा. भाऊ बोलनात, बाईमानूसनं माप परक्याले काय देवानं, मनंच ल्या.”

“आणि नवीन फ्रेम? नळ्या मागवल्यात ना?”

“कसानी नवीन फ्रेम?”

मी स्टुलावर बसले. माझ्या पायाचं माप दुसऱ्या पुरुषाला सांगायची त्याला लाज वाटली. हे मी समजू शकते, देवाशपथ, आमच्यात असंच आहे सगळं, आखाजीला मीही पदर सावरून मागे सरलेच होते. पण मग घरी येऊन मला सांगता आलं असतं, सारिका, मला लाज वाटली. त्याऐवजी त्यानं स्वतःचं माप दिलं आणि फ्रेम आल्यावर अभिमनवर घातलं. गुडघ्यावर बसून ओढलेली ती रेघ! मी हसत होते तेव्हा. गाढव आहे मी.

“मग माले फोन कराना व्हता ना,” मी अभिमनवर ओरडले. तो जमिनीकडे बघून म्हणाला, “बाईमानूसले असं इचारानं का?” सगळे सभ्य. सगळ्यांनी माझी अब्रू जपली.

२९ जानेवारी

दुपारी ऑफिसातून लवकर आले. सायकल खाली आणली. एकटीनं, एका हातानं, जिन्यावरून. मागच्या सीटवर आडवी घातली तर गाडीचं दार लागेना. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी वाट बघत होते, आता काय बोलतात.

“तो चारले येते,” त्या म्हणाल्या. “पुढचं चाक काढ, नाहीतं दार लागनार नाही.”

चाक काढलं. दार लागलं. त्या आत गेल्या आणि फडक्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून पुढच्या सीटवर ठेवला. निरोपाची शिदोरी! टपलेलीच होती बाई मला घालवायला. मी आभारही मानले नाहीत, गिअर टाकला.

अभिमननं फ्रेम स्टँडवर घेतली आणि हात मागे घेतला. “भाऊले इचारू का?”

“माप घेताना मला विचारलं होतंस?”

मग त्यानं कामाचं सांगितलं. आडवी नळी आणि खालची तिरपी नळी सोडवायची, दोन्ही आखूड करायच्या, सीटची नळी वरून कापायची. टोकांचा जाड भाग उरला पाहिजे, बेतानं होईल, पण होईल. रंग जळेल. “कापेल नळी परत लांब व्हत नही, सारिका.”

“मला लांब नकोच आहे.”

माप घ्यायला त्याच्या बायकोनं, कुंदाबाईनं, मला आत बोलावलं. मी म्हटलं, इथंच. शेडच्या दाराशी भिंतीला पाठ लावली, चपला काढल्या, कुंदाबाईनं पुस्तक धरलं, अभिमननं टेप लावला. रस्त्यावरून माणसं जात होती. एकानं वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढंच होतं ते.

मग त्यानं करवत चालवली. मी शेवटपर्यंत उभी होते. मोरपंखी भुकटी माझ्या पायांवर पडत होती आणि मला, खोटं कशाला लिहू, फार बरं वाटत होतं. जेवण झालं नव्हतं म्हणून तिथंच बसून भाकरी खाल्ली. ठेचा चांगला होता.

३० जानेवारी, धुळे

सकाळी स्वप्नीलचा फोन.

“सायकल कुठंय?”

“धुळ्याला.”

“कशाला?”

“मापाला.”

मागे सासूबाईंचा आवाज येत होता, काहीतरी मोठ्यानं बोलत होत्या त्याला, माझ्याचविषयी असणार. मला वाटलं, आता ओरडेल. निदान सांगेल तरी, माझं चुकलं, किंवा तुझं चुकलं, काहीही. मी तयार होते. त्यानं माझं नाव घेतलं असतं तरी मी कदाचित रडले असते.

तो म्हणाला, “किती कापली?”

मी सांगितलं. त्यानं फोन ठेवला. मी कधी येणार, हे त्यानं विचारलं नाही.

सांधे झाले, रंगाचं मी नको म्हटलंय, तशीच नेणार, जळक्या डागांसकट. अभिमन म्हणतो, परवा सायकल दी दिसू. परवा पहाटे सायकलवर निघेन, पारोळ्यावरून, सरळ जळगाव. गाडी इथंच राहील आईच्या दारात. ज्याला हवी त्यानं एस्टीनं यावं आणि घेऊन जावी.